पालटलेली उशी

१९८० नंतरची काही वर्षं मी पाणबुडीवर होतो. पोस्टिंगचा कागद घेऊन मुलुंडला घरी आलो तेव्हा आईला वाटलं, मुलाला शिक्षा झाली. आमच्या चाळीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी शिरणारी तळमजल्याची एक खोली होती, तिला सगळे ‘सबमरीन’ म्हणायचे. महिनोन् महिने तोंड न दाखवणाऱ्या माणसालाही तेच नाव. आजीसाठी पाणबुडी म्हणजे गावच्या तळ्यात बुडी मारणारा पक्षी. “तो वर येतो ना रे परत?” एवढंच तिने विचारलं. आम्ही नौदलातले मात्र पाणबुडीला नुसतं ‘बोट’ म्हणायचो. त्यात राहायचं म्हटल्यावर मोठ्या नावाचं कौतुक उरत नाही.

बोटीत माणसं जास्त आणि झोपायच्या जागा कमी. म्हणून दोघांत एक बंक. एक ड्यूटीवर गेला की दुसरा त्याच्या जागी आडवा. माझ्या बंकचा दुसरा मालक लीडिंग मेकॅनिक विजय परब, घाटकोपरचा. मुलुंड आणि घाटकोपर, म्हणजे शेजारीच की. पण त्याच्याशी निवांत गप्पा अशा कधी झाल्याच नाहीत. मी जागा तेव्हा तो झोपलेला, तो जागा तेव्हा मी. भेट व्हायची ती पाळी बदलताना.

“ऊठ रे, परब.”

“उठलो. काय विशेष?”

“काही नाही. गरम होतंय.”

“मग काय, महाबळेश्वर हवं काय तुला?”

एवढंच. आंघोळीला पाणी नाही, अंगाला डिझेलचा वास, उशी घामाने ओली. परबची एक सवय होती. उठला की उशी पालटायचा, कोरडी बाजू वर. कधी बोलून दाखवलं नाही. मला ते कळायलाही बरेच दिवस गेले. कळल्यावर मीही त्याच्यासाठी तसंच करू लागलो.

त्या दिवशी आम्ही सरावासाठी पाण्याखाली होतो. माझी ड्यूटी संपली. परब उठला, उशी पालटली, “झोप आता” म्हणाला आणि मागे मोटर रूमकडे गेला. मला लगेच डोळा लागला. जाग आली ती अलार्मने. पाठोपाठ स्पीकरवर परबचा आवाज.

“फायर इन मोटर रूम. डोअर शट.”

बोटीचा नियम साधा आहे. आग ज्या खोलीत, त्या खोलीचं दार आतल्यांनी बंद करायचं आणि आतच लढायचं. वरून हुकूम आल्याशिवाय बाहेरच्याने ते उघडायचं नाही. उघडलं तर धूर सगळ्या बोटीत. मी एक्स्टिंग्विशर घेऊन दाराशी उभा राहिलो. पोलाद हाताला गरम लागत होतं. कंट्रोल रूममधून कॅप्टन विचारत होते.

“मोटर रूम, रिपोर्ट.”

“पॅनल जळतंय सर. ब्रेकर पाडून वीज तोडतो.”

मग बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज, “फायर आउट.” बोट वर आली, हवा खेळवली, मगच दार उघडायचा हुकूम आला. आत तिघं होते. दोघं मास्क लावून जिवंत. परबने मास्कसाठी न थांबता आधी ब्रेकर पाडला होता. तो पॅनलजवळ पडलेला होता. त्याला आम्ही बाहेर आणलं. त्यापुढचं मी सांगत नाही.

रजा मिळाल्यावर घाटकोपरला गेलो. परबचे वडील गिरणी कामगार, मूळ मालवणकडचे. संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच. घरी बसून होते. मला भीती एकाच गोष्टीची होती. त्यांनी मुलाबद्दल विचारलं तर सांगायला माझ्याकडे काय होतं? एक बंक आणि दोन मिनिटांच्या भेटी. त्याला कोणती भाजी आवडते, हेही मला ठाऊक नव्हतं.

“तू त्याचो दोस्त?” त्यांनी विचारलं.

“काका, खरं सांगायचं तर आमची फारशी ओळखच झाली नाही. एकाच बंकवर आळीपाळीने झोपायचो.”

मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. पण ते माझ्याकडे वळून नीट बसले.

“म्हंजे आमच्यासारख्याच,” ते म्हणाले. “लग्नाआदी मी परळाक खोलयेत रवायचंय. एक चटय, दोन माणसा. मी रातपाळीक, तो दिसपाळीक. त्याचा तोंड माका आता आठवणा नाय. उशी आठवता.” मग त्यांनी विचारलं, “माझो झील उशी कशी ठेवायचो?”

“पालटून ठेवायचा, काका. कोरडी बाजू वर.”

“त्या दिसाक पण?”

“हो. पालटूनच गेला.”

त्यांनी मान हलवली. “मागसून येणाऱ्याचो इचार केल्यान,” ते म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मलाही रडू आलं. बोटीवर आलं नव्हतं.

पुढे परबच्या जागी नवा माणूस येईपर्यंत मला तो बंक एकट्याला मिळाला. हवा तेवढा वेळ झोपता येत होतं, झोप मात्र येत नव्हती. आडवा झालो की अंथरूण गार लागायचं.

आता निवृत्त होऊन मुलुंडलाच आहे. सकाळी उठलो की हात आपोआप उशीकडे जातो. बायको म्हणते, “अहो, तुमच्या जागी आता कोण येणार आहे झोपायला?”

कोणी नाही. परबची पाळी आहे, एवढंच.