हिराबाईंची चांदणी आणि दुबईची बाटली

आमच्या घरात आलेली पहिली स्कॉच म्हशीने प्यायली.

रेवा आणि अन्वय, तुम्ही दोघे तिकडे बाटली घेताना दुकानात अर्धा अर्धा तास लेबलं वाचत उभे असता, असं तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं. म्हणून ही हकिगत लिहिते आहे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तुमचे आजोबा पुण्याजवळ उरवड्याच्या एका कारखान्यात मॅनेजर होते. व्हिस्की निवडण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं: बाटली स्वतःच्या ऐपतीप्रमाणे नव्हे, पाहुण्याच्या हुद्द्याप्रमाणे काढायची. सर्दी झालेल्या नातेवाइकाला रम. शनिवारी पत्ते खेळायला येणाऱ्या मित्रांना साधी देशी व्हिस्की. आणि स्कॉच? ती मुंबईच्या मोठ्या साहेबांना. तोपर्यंत साहेब कधी आले नव्हते आणि स्कॉचही!

मग दोन्ही एकदमच यायची वेळ आली. आजोबांची बदली पार बिहारमध्ये करायचं घाटत होतं. तुमच्या आईला पुण्याच्या शाळेत नुकता प्रवेश मिळालेला, आणि मी परसात लावलेल्या आंब्याला पहिला मोहोर. बदली थांबवणं साहेबांच्या हातात होतं, आणि साहेब रविवारी आमच्याकडे जेवायला येणार होते. सुदैवाने दुबईच्या वन्संनी टॉवेलात गुंडाळून एक स्कॉच पाठवली होती.

पण आजोबांना धीर कुठला! आल्यागेल्याला बूच उघडून वास द्यायचे.

"अहो, अत्तर आहे का ते?"

"वासाने कमी होत नाही गं!"

"आज वास, उद्या थेंब. शनिवारी तुमची मंडळी आली की रविवारी साहेबांना बूच द्याल!"

आता माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. मौल्यवान वस्तू दुसऱ्याच डब्यात ठेवायची. तुमच्या आईपासून काजू वाचवायला मी ते मेथीच्या डब्यात ठेवत असे. त्याच नियमाने मी स्कॉच साध्या बाटलीत ओतली आणि साधी स्कॉचच्या बाटलीत. रविवारी सकाळी पुन्हा अदलाबदल करायची, की काम झालं! (आजोबांना हे अजूनही माहीत नाही. माझं लिहून होईपर्यंत त्यांचा चष्मा मेथीच्या डब्यात आहे.)

शनिवारी मंडळींनी वास घेतला, "अहाहा! याला म्हणतात स्कॉच!" म्हणून माना डोलावल्या. साध्या बाटलीला कुणी हात लावू नये म्हणून प्यायला मी रम पुढे केली, आणि स्वयंपाकघरात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

रविवारी सकाळी मी न्हाणीघरात होते. बाहेरून शेजारच्या हिराबाईंचा आवाज आला.

"सायेब, आमची चांदणी व्यालीया. लई गारठलीया वो! वाईच दारू हाय का? गुळ-ओव्यात घालून पाजते."

"थांबा हं, आणतो."

मी आतून ओरडले, "अहो, रम द्या!"

"रम संपली! ती साधी व्हिस्की देतोय! अख्खीच देतो, बाळंतीण आहे बिचारी!"

मी अंगावर कसंबसं लुगडं गुंडाळून गोठ्यात धावले. चांदणीच्या तोंडात बांबूचं नळकांडं होतं आणि बाटली उताणी.

"हिराबाई, थांबा!"

"काळजी करू नगा वहिनी, सगळी प्याली! बगा कशी जिबल्या चाटतीया!"

चांदणीने माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं, की तसं आजोबांनीही कधी पाहिलं नसेल.

परत आले तर साहेबांची गाडी दारात! आजोबांना बाजूला घ्यायची सोय नव्हती. ते ती दुसरी बाटली तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत घेऊन आले आणि व्याख्यान सुरू झालं. "सोडा नको साहेब, स्कॉचचा अपमान होतो. नुसतं थोडं पाणी." मी पडद्याआड उभी. डोळ्यांपुढे बिहारच्या गाडीची तिकिटं!

साहेबांनी घोट घेतला. डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"वा!" ते शेवटी म्हणाले. "ही चव इथल्या मालाला शंभर जन्मांत यायची नाही! वहिनी, तुम्हीही एक घोट घ्या."

मी घेतला. आणि म्हणाले, "खरंच! इम्पोर्टेड ते इम्पोर्टेड!"

तिसऱ्या पेल्याला साहेबांनी आजोबांच्या खांद्यावर हात टाकला. "अशी हवा, असा पाहुणचार! तुम्ही कशाला जाता बिहारला? राहा इथंच." अशी तुमची आई पुण्यात शिकली.

पुढच्या थंडीत चांदणी पुन्हा गारठली. आजोबा हौसेने तीच साधी व्हिस्की घेऊन गोठ्यात गेले. चांदणीने एक घोट घेतला, डोळे वटारले, आणि फुर्रर्र! सगळी आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर!

"सायेब, ही ती न्हाई," हिराबाई म्हणाल्या.

"अहो, तीच आहे! हे बघा लेबल!"

"मला काय दावताय? तिला दावा!"

तेव्हा पोरांनो, लेबलं अवश्य वाचा. साहेबांनी वाचलं, आजोबांनी वाचलं. मी तर इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, बाटल्या माझ्याच हातांनी भरलेल्या. तरी त्या दिवशी लेबलाकडे बघत घोट घेतला, तेव्हा मला ती खरोखर स्कॉच वाटली!