चाळीस दिवसांची भाकरी

ठकुबाईला भूक फार. पिंपरीच्या माळावर कारखान्याच्या भिंती उठत होत्या, तिथं ती दिवसभर घमेली वाही, आणि दुपारच्या सुट्टीत फडक्यातल्या दोन भाकऱ्या बघता बघता संपत. नगरकडची ख्रिस्ती बाई, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. अशा बाईनं ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात सोडायचं तरी काय? तंबाखूचं व्यसन नव्हतं, मटण वर्षातून दोनदा. १९५७ साली राखेच्या बुधवारी खडकीहून आलेल्या फादरांनी कपाळाला राख लावली आणि सांगितलं, नुसतं सोडू नका, सोडाल ते कुणाला तरी द्या. ठकुबाईनं दोनातली एक भाकरी सोडली.

ती द्यायला लांब जावं लागलं नाही. बांधकामापलीकडे शेताच्या कडेला पुतळाबाई नावाची म्हातारी खोपटात एकटीच पडून असे. पायांनी अधू, मुलगा मुंबईला जाऊन गडप झालेला. जवळच्या वस्तीवरची मंजुळाबाई दिवसाआड तिला कळशीभर पाणी आणि उरलंसुरलं अन्न देई. पहिल्या दिवशी ठकुबाई भाकरी घेऊन गेली तर माठात घोटभरच पाणी. तिनं तोही भरला. मग ते रोजचंच झालं.

मंजुळाबाईनं हे बांधावरून पाहिलं. या ख्रिस्ती माणसांचे आजे-पणजे गावाबाहेर कुठल्या वस्तीत राहायचे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. त्या हातानं भरलेल्या माठाला तिनं पुन्हा हात लावला नाही. म्हातारी यातलं अवाक्षर बोलली नाही. ठकुबाईलाही चौकशी करावीशी वाटली नाही. खरं सांगायचं तर तिला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

"किती दिस ऱ्हायलं गं तुज्या नेमाचं?" म्हातारी मधूनच विचारी.

"बारा, आजी."

"आन् मंग?"

"मंग ईस्टर. नेम संपला."

म्हातारी मान हलवी. नेम म्हणजे काय हे तिला कळत होतं, तिनंही सोळा सोमवार केले होते. ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त मागायचा नसतो.

त्या चैत्रात ऊन मी म्हणत होतं. एका भाकरीवर शिडी चढताना ठकुबाईला भोवळ येई. ईस्टरच्या दिवशी तिनं मटणाबरोबर दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या आणि पोट भरल्याच्या सुखानं ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी कामावरही दोन्ही खाल्ल्या. तिसऱ्याही. खोपट तिथून दिसत होतं. मंजुळाबाई आहेच की, असं मनाशी म्हणून ती त्या बाजूला पाठ करून बसे.

आठव्या दिवशी तिला राहवलं नाही. गुळाचा खडा घेऊन गेली. दारातच वास आला. म्हातारी माठाशेजारी पालथी पडली होती, एक हात माठाच्या आत. माठ कोरडा ठणठणीत. उशाच्या गाठोड्यात वाळून कडक झालेले अर्ध्या-अर्ध्या भाकरीचे तुकडे निघाले. रोजच्या भाकरीतली निम्मी तिनं मागं ठेवली होती, नेम संपल्यानंतरची बेगमी म्हणून. पाणी तेवढं गाठोड्यात बांधून ठेवता आलं नव्हतं.

मंजुळाबाई बांधावर आली. पदर नाकाला लावून म्हणाली, "तू येत व्हतीस, म्हून मी सोडलं. तुजं बंद झाल्यालं मला कुनी सांगितलं न्हाई."

पुढच्या महिन्यात फादर आले तेव्हा ठकुबाईनं पापनिवेदनात सगळं सांगितलं. फादर मग हलकेच म्हणाले, "बाई, तू तर नेम पुरा केलास. यात तुझं पाप कसलं?"

"पुरा केला, त्येच सांगतेय, फादर," ती म्हणाली.

त्यांनी क्षमेसाठी हात उचलला, तोवर ती उठून बाहेर पडली होती.