कुमुदताईंचे भडगावचे पाच रविवार

कुमुदताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते जळगावच्या त्यांच्या कथकच्या वर्गाच्या दारातून. आत जायची माझी हिंमत होत नव्हती. मी भडगावची, शेतकऱ्याघरची. कॉलेजसाठी वसतिगृहात राहत होते. नाचाचं घरी कळलं तर शिक्षण बंद, हे पक्कं ठाऊक होतं. "दारात उभं राहून पाय तयार होत नाहीत. आत या," ताई म्हणाल्या. चाळीस वर्षांनी लहान मुलीलाही त्या पहिल्या दिवशी 'या' म्हणतात, हे त्यांच्या साऱ्या शिष्यांना माहीत आहे.

दोन वर्षं मी लपून शिकले. रस्त्यात भडगावचं कुणी दिसलं की मी घुंगरांची पिशवी ओढणीआड लपवी. शेवटी धुळ्याच्या कार्यक्रमातला माझा फोटो कुणीतरी मोबाइलवर फिरवला. दुसऱ्याच दिवशी आमचे आजोबा, आबा, वर्गात येऊन उभे राहिले आणि आमच्या अहिराणीत कडाडले.

"काय शे हाई बठ्ठं? आमना घरनी पोर नाचाव नही!"

ताई उठल्या. "आबा, चूक माझी आहे. घरी सांगितलंय का, हे मी हिला विचारायलाच हवं होतं. पण ही शिकते त्यात लपवण्यासारखं काही नाही. बसा, स्वतः पाहा."

आबा बसले नाहीत. मला घेऊन गेले. कॉलेज सुटलं, लग्नाचं बोलणं सुरू झालं. काकांनी ताईंना फोनवर बजावलं, "गावात पाय ठेवू नका."

पुढच्या रविवारी ताई आमच्या ओट्यावर हजर! साठी ओलांडलेल्या, एकट्या, एसटीने आलेल्या. मी दाराआडून पाहत होते. काका ओरडत होते, ताई बसून होत्या. तासाभराने "येते" म्हणून गेल्या. असे चार रविवार. कुणी पाणीही विचारलं नाही. पाचव्या रविवारी आबांनी स्वतः तांब्या पुढे केला.

"लोके हसतीन, नावं ठेवतीन. तवय तुम्ही ऱ्हाशात का आमना संगे?"

"राहीन," ताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी जळगावला परतले.

पुढे, मुलगी नाचते म्हणून माझं ठरलेलं लग्न मोडलं. आबांना गावात तोंड दाखवायची चोरी झाली. तेव्हा ताई आमच्याकडे दोन दिवस येऊन राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत आबांशेजारी ओट्यावर बसल्या.

"ताई, तुम्हांला भीती नाही वाटली?" मी बऱ्याच वर्षांनी विचारलं.

"पाचोऱ्याला बस बदलताना दर वेळी परत फिरावंसं वाटायचं. एकदा तर जळगावच्या गाडीत चढलेही होते. मग तुझा चेहरा आठवला. उतरले."

आज पाचोऱ्यात माझा स्वतःचा वर्ग आहे. या हिवाळ्यात ताई घरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही शिष्या एकमेकींचे हात धरून बसलो होतो. ताई सुखरूप बाहेर आल्या. आता खुर्चीत बसून शिकवतात. मागच्या महिन्यात एका मुलीचा नाचातला तुकडा चुकला, तशा त्या काठीशिवाय उठून तीन पावलं चालत गेल्या. आम्ही किंचाळलो.

"ओरडता काय? तिची सम चुकली, ती बघा आधी!"

ताई, पंचाहत्तरी पूर्ण झाल्याबद्दल आपल्याला साष्टांग नमस्कार. आपल्याशिवाय वर्गाची आम्हांला अजून कल्पनाही करवत नाही. म्हणून हट्टाने मागते: शंभरी गाठा, आम्हांला रागवत राहा. आणि उठताना काठी तेवढी हातात घ्या.