उजवीकडे बघणारे दिवे

दुबईहून सुट्टीवर येताना मी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या जीपला हेडलाइट आणले. संध्याकाळी सोनगीरहून परतताना समोरचा प्रत्येक ट्रक डिपर मारू लागला. आबा खूश. "बठ्ठा माले राम राम करी ऱ्हायनात!"

राम राम कसला, शिव्याच त्या! तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून दिव्याचा झोत उजवीकडे वर उचललेला असतो. इथे तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

"मंग काढी टाक," आबा म्हणाले. "तुनी बी.एस्सी. वाया गयी."

घरातली पहिली पदवी, वाया कशी जाऊ देईन? जीप भिंतीसमोर उभी केली आणि झोत वर चढवणाऱ्या तेवढ्याच काचेवर काळी पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी रात्री धुळ्यापर्यंत एकही डिपर नाही.

स्टँडवर आबा सांगत सुटले, "मना पोऱ्यानी उजेडले डाव्या हाते चालानं शिकाडं!"