पाठीमागचा हात

जगात दुसऱ्याचं काहीच न घेणारा माणूस देवानं अजून घडवलेलाच नाही, असं माझ्या परतूरच्या आत्याचं ठाम मत होतं आणि या मतातून तिनं स्वतःलाही सूट दिलेली नव्हती. फक्त उचलणं आणि चोरणं यांत ती फरक करायची. मालकाच्या डोळ्यांदेखत घेतलं ते उचलणं, त्याच्या नजरेआड घेतलं ती चोरी. भाजीवालीकडून मिरच्या घेतल्या की वर चार कोथिंबिरीच्या काड्या ती उचलणारच. पण भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असली, तर तिची मान इकडे होईपर्यंत काड्या हातात धरून थांबणार. लग्नाच्या पंगतीत लाडू पिशवीत टाकण्याआधी तो उंच धरून मांडवाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या वधूपित्याला हाक मारणार, "पाव्हणं, नातवाला एक नेऊन राह्यले बरं का!" सारी पंगत वळून बघायची. आम्ही भाचरं पत्रावळीत तोंड खुपसून बसायचो.

शेजारच्या गुरुजींच्या पेरूचं प्रकरण तर गल्लीभर गाजलं. गुरुजींना दुपारची झोप प्यारी आणि आत्याला पेरू आठवायचे ते दुपारीच. "गुरुजी, जरा भाईर या, तुमचे पेरू तोडून राह्यले," असं ती दार वाजवून सांगे. बिचारे बनियनवर डोळे चोळत येत, ओट्यावर उभे राहून आपलेच पेरू जाताना बघत आणि परत जाऊन आडवे होत. शेवटी एकदा हात जोडून म्हणाले, "बाई, लागतील तेवढे न्या, पण मला उठवू नका." आत्या जी तडकली! "म्हंजी? मी काय चोर हाय?" त्या झाडाला तिनं पुन्हा हात लावला नाही. भाऊबंद तिला चोरटी म्हणत. म्हणोत बापडे! कचेरीतले कागद-पेन्सिली मुकाट्यानं घरी आणणारे लोक तिला हसतात तेव्हा माझं आजही डोकं फिरतं.

आत्याच्या या कायद्याची खरी परीक्षा झाली ती मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात. लिलावाआधी खरेदीदार प्रत्येक ढिगातून मूठभर धान्य उचलून पारखतात. पारखून झालं की मूठ परत ढिगात पडावी, अशी रीत. प्रत्यक्षात हात हळूच पाठीमागे जातो आणि मूठ नोकराच्या पिशवीत पडते. हे सगळ्या मोंढ्याला ठाऊक, पण बोलणार कोण? त्या वर्षी आत्याचा कापूस हातचा गेला होता, सगळी भिस्त तुरीवर होती. तुरीचा ढीग पडला, सगळ्यांत मोठ्या शेठनं मूठ उचलली, हात पाठीमागे गेला आणि आत्यानं भर बाजारात त्यांचं मनगट धरलं.

"शेठ, मूठ टाका, मंग भाव बोला."

शेठ लालबुंद झाले आणि हात सोडवून पुढच्या ढिगाकडे गेले. त्यांच्यामागोमाग बाकीचेही गेले. आत्याच्या तुरीला कुणी भावच बोलेना. अडत्या धावत आला. "बाई, जल्दी माफी मागा, न्हाई तर माल इथंच राहील." आतोबा म्हणजे गरीब गाय. ते टोपी हातात घेऊन काकुळतीला आले, "अगं, मूठभर तुरीपायी वर्साचं वाटुळं करती का?"

"मूठ गेली तर जाऊ द्या," आत्या कडाडली. "माझ्याकडं बघून मागितली असती तर पायली दिली असती. पाठीमागं कामून नेली?"

माफी मागितली नाही ती नाहीच. तूर गाडीत भरून परत आली. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या, तूर भिजवली, माळवदावर वाळवली, जात्यावर भरडली आणि आत्या आठवडी बाजारात पोतं अंथरून डाळ विकायला बसली. आतोबा दोन महिने तिच्याशी धड बोलले नाहीत. ते वर्ष ओढाताणीत गेलं, पण गेलं. पुढं तिनं तूर मोंढ्यात कधी नेलीच नाही, दरवर्षी डाळच विकली. डाळ बघायला मूठ उचलणाऱ्या प्रत्येकाला तिचं एकच सांगणं असायचं, "उचला, पन माझ्याकडं बघून."

उतारवयात आत्याची नजर गेली. तरी ती बाजारात बसायचीच. आता तिच्या डोळ्यांदेखत उचलायचं कसं? पण बाजारानंच तोड काढली. येणारा प्रत्येकजण मोठ्यानं म्हणायचा, "आत्या, मूठभर उचलून राह्यलो बरं का!" ती ऐटीत मान डोलवायची. एकदा मी शेजारी बसलो होतो. काठी टेकत एक म्हातारा आला आणि म्हणाला, "बाई, मूठभर डाळ उचलून राह्यलो." आत्यानं आवाज ओळखला.

"उचला शेठ. पन हात पुढं ठेवा."

शेठ मूठ छातीशी धरून सावकाश चालत गर्दीत दिसेनासे झाले. माझा हात चाचपून आत्यानं हळूच विचारलं, "पुढं व्हता का रे हात?"

"पुढंच होता, आत्या."

आत्या गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. बाजारात चव बघायला शेंगदाणा उचलताना मी अजून आधी मालकाची नजर शोधतो. बहुतेकांना माझ्याकडे बघायला सवड नसते. मग मी शेंगदाणा तसाच खाली ठेवतो, आणि आत्याची फार आठवण येते.