बांधावरचा कंद

मी गुडघ्यावर बसून माती उकरत होतो. यमुनाबाई माझ्या हाताकडे बघत उभ्या होत्या.

धाड गावाजवळचा हा कांदा बीजोत्पादनाचा प्लॉट त्यांचा. म्हणजे कांदा लावायचा, फुलू द्यायचा आणि बी घ्यायचं. जवळ दुसऱ्या जातीचा कांदा फुलला तर मधमाश्या पराग इकडचा तिकडे करतात, बी भेसळीचं होतं आणि कंपनी प्लॉट रिजेक्ट करते. असं झाड फुलण्याआधी उपटणं हे माझं काम.

बांधावर तसं एक झाड होतं. पान एकही नाही. कांद्यासारखा पोकळ दांडा आणि टोकाला पापुद्र्यात गुंडाळलेली कळी. आजउद्या उमलेल अशी.

बाईंचा मुलगा शहरात नर्सरीत कामाला होता. शेवटचा घरी आला तेव्हा त्याने हा कंद आणला, नाव सांगायचं राहिलं. त्याच्या अस्थी जिथे पुरल्या, तिथे बाईंनी तो लावला होता.

मलाही ओळखता येईना. मला पिकं कळतात. फुलझाडं माझ्या बायकोला कळायची. गेल्या हिवाळ्यात ती गेली, नाहीतर घरी फोन केला असता.

कंपनीतल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, शंका असेल तर उपटा, परवा मी येतोच आहे.

मी बाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "उपटा म्हणता तर उपटते. पण मागून कांदा नाही निघाला, तर मी कोणाले जाब इचारू?"

कांदा-लसणाचं कूळ वासावरून कळतं. मी कंदाची एक ओली साल नखाने काढली, चुरडली, नाकाशी नेली. स्पष्ट कांद्याचा वास. बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि खाली बसल्या.

मग मी दुसरा हात हुंगला. त्यालाही तोच वास. सकाळपासून मी प्लॉटातली भेसळ उपटत होतो. हौदावर दोनदा साबण लावला, वास जाईना.

"आज कांद्याला हात लावला का?" मी विचारलं.

"चतुर्थी हाय ना, भाऊ. उपास."

प्लॉटातही त्या अजून उतरल्या नव्हत्या. दुसरी साल त्यांनाच काढायला लावली. त्यांनी बराच वेळ हुंगली.

"कांदा नाही हा. कच्च्या दुधीवानी वास येऊन राह्यला."

मुलाच्या झाडाबद्दल आईच्या नाकावर भरवसा ठेवायचा?

त्यांना ते कळलं असावं. "प्लॉटबी माझाच हाय. खोटं बोलून कोणाचं बुडवू?"

मी माती परत लोटली आणि कळीवर मलमलची पिशवी बांधली, म्हणजे मधमाशी आत जाणार नाही. साहेबांना कळवलं. ते एवढंच म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर." ते येईपर्यंत मला घास गोड लागला नाही.

साहेबांनी स्वतः पिशवी सोडली. आत मलमलीला टेकलेलं, कर्ण्यासारखं लालभडक फूल.

"लिली आहे ही," साहेब म्हणाले. "माझ्या आईकडे होती."

प्लॉट पास झाला. बाईंना मी एवढंच सांगितलं की आता पानं येतील, ती कापू नका. कंद पानांवरच भरतो. पावसात बुडाशी पाणी साचू देऊ नका.

तेव्हापासून मी प्लॉटवर हातमोजे नेतो. अनोळखी कंदाचा वास घेण्याआधी आपल्या हाताचा घ्यावा.