मुंग्यांच्या ढिगावरची मूठ

शत्तच्या, म्हणजे आमच्या सुकलेल्या खाऱ्या सरोवराच्या, मधोमध उभे राहिले की चारी दिशा सारख्याच. खाली मीठ, वर ऊन. म्हणून आमच्या बापजाद्यांनी चिखलमिठाचे ढिगारे रचून वाट राखली आणि नियम घातला, की जाणाऱ्याने त्यावर मूठभर चिखलमीठ टाकल्याशिवाय ढिगाऱ्यापुढून जायचे नाही.

लझहरइतका हा नियम कुणी पाळला नाही. सोळाव्या वर्षापासून तो मीठ ओढत होता. त्याचा थोरला भाऊ साबर एका दुपारी वाट चुकला. सापडला तेव्हा जीव गेलेला होता, आणि ढिगारा दोनशे पावलांवर होता. पावसाने खचून तो गुडघ्याएवढाही उरला नव्हता. त्यानंतर चाळीस वर्षे लझहर एकाही ढिगाऱ्यापुढून रिकाम्या हाताने गेला नाही.

पाठ गेली तेव्हा त्याने मीठ सोडले. त्याच साली ट्यूनिसहून सिरीन नावाची बाई मुंग्यांचा अभ्यास करायला आली आणि तिने त्याला पाणी आणि छत्री घेऊन सोबत चालायला ठेवले. आमच्या या मुंग्या लांब पायांच्या, भर दुपारी धावणाऱ्या. खाणे शोधत दूर भटकतात आणि सरळ घरी येतात. शत्तच्या मध्यावरच्या मुंग्या बिळाच्या तोंडाशी वीतभर ढीग रचतात. काठावर, जिथून झुडपे दिसतात, तिथे जवळजवळ नाहीच. हा ढीग म्हणजे घराची खूण असावी, असा सिरीनचा अंदाज होता. तो पडताळायला ती रोज पट्टी लावून उंची मोजायची.

तिसऱ्या आठवड्यात ती हरखून म्हणाली, "काका, मधले ढीग बोटभर वाढले की!"

लझहरने हाताला लागलेले मीठ हळूच कपड्यांना पुसले.

घरी त्याची बायको मनूबिया परातीत रव्याचा कुसकुस वळत बसली होती. त्याने तिला सगळे सांगितले.

"मुंग्यांच्या ढिगावर टाकत होतात?"

"खूण दिसली की हात जातोच."

"चाळीस वर्षं माणसं सांभाळलीत, मुंग्याच तेवढ्या राहिल्या होत्या! जा, सांगा तिला."

"तिचे दहा दिवस उरलेत. तीन आठवडे मातीत जातील."

"मग काय, खोटी खूण घेऊन परत जाऊ दे तिला? खोट्या खुणेमागे जाणाऱ्याचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायचं?"

सकाळी सिरीनने पट्टी काढायच्या आत त्याने सांगून टाकले. तिने वही मिठावर आपटली.

"कुठल्या कुठल्या ढिगांवर?"

"मधल्या सगळ्या."

"आणि काठावरच्या?"

"तिथं ढीगच नाही, टाकू कशावर?"

रागातही तिला हसू फुटले. मग तिने वहीच्या पानांवर एकेक आडवी रेघ ओढली. "सगळे सपाट करू. मधले, आणि काठावर जे काही असतील तेही. ढीग खरंच खूण असेल, तर मधल्या मुंग्या तो पुन्हा रचतील. तीन दिवसांनी बघू. आणि काका..."

"हात बांधून ठेवतो, पोरी."

मोडायचे काम तिने त्यालाच दिले. पहिल्या ढिगावर फळी फिरवताना त्याने तोंड दुसरीकडे केले.

पुढचे तीन दिवस तो सपाट बिळांजवळून दोन्ही हात पाठीमागे धरून चालला. मीठवाले लांबून ओरडले, "काय रे लझहर, पोलिसांनी धरलं काय?"

"मुंग्यांनी!" तो म्हणाला.

तिसऱ्या दुपारी मधल्या सोळांपैकी चौदा बिळांवर ढीग पुन्हा उभे होते. काठावर दोन-तीनच, तेही नखाएवढे. सिरीनने पट्टी दोनदा लावली आणि मान वर केली.

"काका, खरं सांगा."

"माझे हात मागेच होते."

तिने आकडे लिहून घेतले. परतताना वाटेवर माणसांसाठी रचलेला खुणेचा ढिगारा लागला. लझहरने हात सोडले, तो वाकला आणि त्याने दोन मुठी टाकल्या. एक नेहमीची. दुसरी मुंग्यांची, हे सिरीनला विचारावे लागले नाही.